परदेशी पार्सलाचा माग

ज्या घरातील कोणीही परदेशी नाही असे घर आज आपल्या गोव्यात शोधूनच काढावे लागेल. कोणाचा काका आखातात असतो, कोणाची बहीण लिस्बनला असते, तर कोणाच्या मामाचे सारे बिऱ्हाडच इंग्लंडमधील स्विंडन शहरी जाऊन स्थायिक झालेले असते. दूरध्वनीवर रोज बोलणे होते, चेहराही दिसतो. परंतु आजीने शिवलेले दुपटे किंवा आईने विणलेली टोपी काही त्या तारेतून जात नाही. त्यासाठी पुठ्ठ्याचे खोके, सुतळी आणि टपाल कार्यालय यांचीच वाट धरावी लागते. खोके एकदा खिडकीतून आत गेले की घरच्यांच्या हाती उरते ती एक पावती, आणि त्या पावतीवरचा एक क्रमांक.

या क्रमांकाने आम्हांस एकदा फार छळले. तो छळ कसा झाला, त्यात दोष कोणाचा होता आणि त्या निमित्ताने आम्ही काय शिकलो, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

गोष्ट २०१९ सालची आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध माईंची नात लिस्बनला असते. तिला त्या वर्षी ऑगस्टअखेर बाळ व्हावयाचे होते. माईंनी आपले एक जुने, मऊ झालेले सुती लुगडे फाडून त्याचे दुपटे शिवले. पणतवंडाच्या बारशाला ते पाळण्यात घालावे एवढीच त्यांची इच्छा होती. दोन झबली, एक कुंची आणि हे दुपटे असे खोके बांधून झाले. माईंना इंग्रजी येत नाही, म्हणून ते टपालात देण्याचे आणि त्यासोबतचा कागद भरण्याचे काम आमच्याकडे आले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ते काम पार पाडले व पावती माईंच्या हाती दिली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते, पण आम्ही मोठ्या अभिमानाने त्यांना म्हणालो, "माई, आता हे पार्सल कोठे पोहोचले ते तुम्हांला रोज घरबसल्या सांगू!"

पहिले आठ दिवस आमचा तोरा टिकला. गावात नोंद झाली, पणजीहून सुटले, आठव्या दिवशी 'देशाबाहेर रवाना' अशी ओळ संगणकावर उमटली. माईंनी देवाला साखर ठेवली. त्यानंतर मात्र त्या ओळीखाली दुसरी ओळ येईना. रोज संध्याकाळी शाळेतून परतताना माई कुंपणापाशी उभ्या असत आणि विचारीत, "मास्तर, आयज खंय पावलें?" आणि आमचे उत्तर रोज तेच. चतुर्थी आली नि गेली, बाळ जन्मले, बारसे झाले, तरी पार्सल आपले रवानाच! एकूण सव्वीस दिवस ती एकच ओळ आम्ही वाचीत होतो. माईंची खात्री झाली की दुपटे समुद्रात पडले. आमचीही जवळजवळ तशीच समजूत झाली होती. मात्र ती आम्ही बोलून दाखवीत नव्हतो.

पार्सल हरवले नव्हते, हे पुढे कळले. पण सव्वीस दिवसांच्या त्या मौनाचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. तेव्हा आम्ही या साऱ्या व्यवस्थेचा अभ्यास करावयाचे ठरविले. तो येथे क्रमाने मांडतो.

प्रथम त्या क्रमांकाकडे पाहू. आपल्याकडील पार्सलाची पावती घ्या वा जपानची घ्या, क्रमांकाची घडण एकच असते. आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरे, अशी एकूण तेरा चिन्हे. पहिले अक्षर सेवेचा प्रकार सांगते. 'ई' असेल तर ती शीघ्र टपालसेवा, 'आर' असेल तर नोंदणी केलेले टपाल, 'सी' असेल तर पार्सल. शेवटची दोन अक्षरे टपाल ज्या देशातून निघाले त्याची खूण होत. भारताची खूण 'आयएन', पोर्तुगालची 'पीटी'. मधल्या नऊ अंकांपैकी आठ हे अनुक्रमाचे असतात व नववा हा राखणदार असतो.

हा राखणदार कसा काम करतो हे गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावे. समजा, अनुक्रम १२३४५६७८ असा आहे. त्यातील अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणावयाचे. गुणाकार येतात ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ आणि ५६. त्यांची बेरीज २०४. तिला ११ ने भागले असता बाकी ६ उरते. ती ११ मधून वजा केली की उरतात ५. म्हणून नववा अंक ५. (वजाबाकी १० आल्यास ० लिहितात आणि ११ आल्यास ५ लिहितात.) आता कारकुनाच्या हातून ३ आणि ४ यांची अदलाबदल झाली, तर बेरीज २०६ होते, बाकी ८ उरते आणि राखणदार अंक ३ यावयास हवा. प्रत्यक्षात तेथे ५ आहे, म्हणजे कोठेतरी चूक झाली हे यंत्र तत्काळ ओळखते. तेव्हा क्रमांक घालताना 'असा क्रमांक अस्तित्वात नाही' असे उत्तर आले, तर पार्सलावर संशय घेण्यापूर्वी आपण अंक नीट टिपले आहेत की नाही ते पाहावे.

सर्व देशांचे क्रमांक एकाच घडणीचे असण्यामागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक देशाला दुसऱ्या प्रत्येक देशाशी टपालाचा वेगळा करार करावा लागे. दर वेगळे, वजने वेगळी, हिशेब वेगळे. हा गुंता सोडविण्यासाठी जर्मनीचे टपालप्रमुख हाइन्रिख फॉन श्टेफान यांनी पुढाकार घेतला. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी २२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ९ ऑक्टोबर १८७४ रोजी करार होऊन आजच्या जागतिक टपाल संघाची स्थापना झाली. ९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक टपाल दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. भारत १८७६ साली या संघात आला. १८८० साली पॅरिस येथे पार्सलांविषयीचा स्वतंत्र करार झाला. १९४८ पासून हा संघ संयुक्त राष्ट्रांची एक विशेष संस्था आहे आणि आज १९२ देश त्याचे सभासद आहेत.

या संघाचे मूळ तत्त्व मोठे उदात्त आहे: टपालापुरते सर्व जग हा एकच प्रदेश मानावयाचा. कोणत्याही सभासद देशाने दुसऱ्याचे टपाल आपल्या भूमीवरून अडथळ्यावाचून पुढे जाऊ द्यावयाचे. परंतु तत्त्व एक असले तरी हात अनेक आहेत. आपण तिकीट भारताच्या टपाल खात्याचे लावतो. शेवटी दार ठोठावतो तो मात्र दुसऱ्या देशाचा टपालवाला. तो आपल्या खात्याचा नोकर नव्हे. या एका गोष्टीत आपल्या पुष्कळशा वैतागाचे मूळ आहे.

आता 'माग' म्हणजे काय ते पाहू. आमची समजूत अशी होती की, आकाशातील एखादा डोळा त्या खोक्यावर खिळलेला असून आपण क्रमांक घातला की तो डोळा सांगतो, 'ते पाहा, आता अरबी समुद्रावर आहे!' असा डोळा नाही. खोक्यावर उभ्या काळ्या पट्ट्यांची खूण चिकटविलेली असते, तिला बारकोड म्हणतात. दुकानातील मालावरही आपण तीच पाहतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंगगमचे पाकीट अशा खुणेवरून प्रथम विकले गेले. म्हणजे बर्नच्या कराराला शंभर वर्षे होत आली होती. ही खूण स्वतः काही बोलत नाही. वाटेत एखाद्या माणसाने वा यंत्राने तिच्यावर प्रकाशाचा किरण टाकला, तरच 'अमुक क्रमांक, अमुक जागी, अमुक वेळी' अशी नोंद होते. माग म्हणजे अशा नोंदींची माळ. वाळूवर उमटलेल्या पावलांवरून माणूस कोठवर गेला हे जसे कळते, तसेच हे आहे. पाऊल उमटले नाही याचा अर्थ माणूस नाहीसा झाला असा होत नाही; तो कदाचित खडकावरून चालत असेल.

परदेशी पार्सलाच्या वाटेवर अशी प्रमुख पावले नऊ आहेत. एक, टपालात दिले. दोन, देशाच्या वेशीवरील विनिमय कार्यालयात आले. आपल्या बाजूस असे जुने व मोठे कार्यालय म्हणजे मुंबईस बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवन होय. तीन, त्या कार्यालयातून सुटले. चार, पोहोचावयाच्या देशातील विनिमय कार्यालयात आले. पाच, तेथील सीमाशुल्क खात्याने रोखले. सहा, तेथून सुटले. सात, वाटपाच्या कार्यालयात आले. आठ, दारापर्यंत नेले पण देता आले नाही. नऊ, दिले. पाचवे आणि आठवे पाऊल प्रत्येक पार्सलाच्या नशिबी असतेच असे नाही.

या नवांत सर्वांत लांब उडी कोणती? तिसऱ्या पावलापासून चौथ्यापर्यंतची. याच उडीत आमचे सव्वीस दिवस गेले. तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

विनिमय कार्यालयात एकेक पार्सल सुटे जात नाही. एका देशाला जाणारी पार्सले एका पिशवीत किंवा पेटीत भरतात, तिचे तोंड मोहोरबंद करतात आणि आतल्या क्रमांकांची यादी पुढच्या देशाला विद्युत्संदेशाने पाठवितात. त्या पिशवीला स्वतःचा निराळा, २९ चिन्हांचा क्रमांक मिळतो. त्या घटकेपासून आपल्या पार्सलाचा क्रमांक अंधारात गेला. पुढे जी काही नोंद होते ती पिशवीची. पार्सलाचा क्रमांक पुन्हा उजेडात येतो तो परक्या देशात पिशवीचे तोंड उघडल्यावरच. त्यातही मौज अशी की, 'रवाना' ही ओळ पुष्कळदा पिशवीचे तोंड बांधले गेले त्या वेळची असते. विमान उडाले त्या वेळची नव्हे. तोंड बांधल्यावर पिशवी विमान कंपनीच्या स्वाधीन होते. जागा असेल तर त्याच दिवशी जाते, नसेल तर थांबते. थेट विमान नसेल तर तिसऱ्या देशाच्या विमानतळावर उतरते व तेथे दुसऱ्या विमानाची वाट पाहते. बंद पिशवी वाटेत कोणी उघडावयाची नाही असा नियम असल्यामुळे तेथे आपल्या पार्सलाची नोंद होण्याचा प्रश्नच नसतो. पोहोचल्यावरही ती आधी आलेल्या पिशव्यांच्या मागे रांगेत उभी राहते. या सर्व काळात संगणकावर एकच ओळ झळकत असते: रवाना.

म्हणजे 'रवाना' हा शब्द खोटा नव्हता. त्याचा अर्थ आम्ही आपल्या मनाने अधिक धरला होता. 'पार्सल प्रवासात आहे' असे आम्ही वाचीत होतो. 'आम्ही ते आमच्या हातून पुढे दिले, आणि पुढच्याने अजून हाती घेतल्याचे कळविलेले नाही' इतकेच तो शब्द सांगत होता.

चौतिसाव्या दिवशी नवी ओळ उमटली, आणि तिने आमची झोप उडविली: 'सीमाशुल्क खात्याने रोखले.' पाठोपाठ माईंच्या नातीला लिस्बनमध्ये पत्र गेले की, खोक्यात काय आहे व त्याची किंमत काय, ते कळवावे. तिने आम्हांस विचारले. आम्ही कागदाची स्थळप्रत काढून पाहिली, आणि मान खाली घातली.

मित्रहो, परदेशी पाठवावयाच्या वस्तूसोबत एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. लहान व कमी किमतीच्या पाकिटासाठी 'सीएन २२' आणि मोठ्यासाठी 'सीएन २३' अशी त्याची नावे असून ती साऱ्या जगात तीच आहेत. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, नग, वजन आणि किंमत लिहावयाची असते. आम्ही काय लिहिले होते? वस्तूच्या रकान्यात 'भेटवस्तू', आणि किमतीच्या रकान्यात एक गोल आकडा! भेट हा हेतू झाला, वस्तू नव्हे. त्या खोक्यात दुपटे आहे की दागिना, हे परक्या देशातील अधिकाऱ्याने कसे ओळखावे? युरोपीय संघात २०१९ साली एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त होती. जुन्या लुगड्याच्या दुपट्यास कोणी कर लावला नसता. 'बाळाचे सुती दुपटे, एक. सुती झबली, दोन. सुती कुंची, एक' असे चार शब्द लिहिण्याचा कंटाळा आम्ही केला, आणि वर्गात मात्र निबंधात नेमके शब्द योजा म्हणून तुम्हांस रोज बजावीत राहिलो!

नातीने तपशील कळविला. एकेचाळिसाव्या दिवशी नववे पाऊल उमटले. बारसे होऊन गेले होते, परंतु दुपटे पाळण्यात पडले. त्याचे छायाचित्र आम्ही माईंना दाखविले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या की कड जरा उसवलेली दिसते. आम्ही त्यांना आमची चूक सांगितली. त्या हसल्या, रागावल्या असत्या तर आम्हांस अधिक बरे वाटले असते.

तेव्हापासून या जगात बरेच बदल झाले आहेत, तेही ठाऊक असावेत. अमली द्रव्ये टपालातून येऊ नयेत या हेतूने अमेरिकेने २०१८ साली कायदा करून प्रत्येक पार्सलाचा तपशील ते पोहोचण्यापूर्वी विद्युत्संदेशाने मिळावा अशी अट घातली. युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून तशीच व्यवस्था सुरू केली. माल विमानात चढण्यापूर्वीच यादी तपासली जाते. १ जुलै २०२१ पासून तेथे २२ युरोपर्यंतच्या विकत मागविलेल्या मालाला असलेली करमाफीही गेली. आता 'भेटवस्तू' एवढाच शब्द लिहून भागत नाही, आणि तपशिलातील ढिलाई पार्सलाला आपल्याच देशाच्या वेशीवर थांबवू शकते.

कधी कधी मात्र मौनाचे कारण ना आपल्या हातात असते ना टपाल खात्याच्या. परदेशी टपालाचा मोठा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. कोरोनाच्या साथीत २३ मार्च २०२० पासून भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. दरम्यानच्या काळात टपालाला मिळेल त्या विमानाची वाट पाहावी लागली. तसेच अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, तेव्हा कर कोणी व कसा गोळा करावयाचा हेच स्पष्ट नसल्यामुळे अनेक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडची पार्सले घेणे थांबविले. भारतानेही त्या ऑगस्टच्या अखेरीस बहुतेक सेवा स्थगित केली व ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू केली. दूरदेशीच्या राजधानीत एका कागदावर सही होते, आणि आपल्या गावातील एखाद्या आजीचे खोके टपालाच्या खिडकीतून परत येते. हे नाते लक्षात घेण्याजोगे आहे.

तर मग आपण काय करावे? अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पत्ता पूर्ण लिहावा. घर क्रमांक, मजला, टपाल विभागाचा क्रमांक आणि घेणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काही गाळू नये. देशाचे नाव शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहावे. आपला पत्ताही विसरू नये. पार्सल देता आले नाही, तर ते परत येण्यास दुसरा आधार नसतो. असे झाल्यास परत पाठवावे की तेथेच सोडून द्यावे, हे विचारणारी जागा 'सीएन २३' मध्ये असते. ती कोरी ठेवू नये.

दुसरी गोष्ट, प्रतिज्ञापत्र मनापासून भरावे. वस्तूचे साधे, नेमके नाव लिहावे, आणि ती कशाची बनविली आहे तेही लिहावे. खाद्यपदार्थ घालण्यापूर्वी त्या देशाचे नियम विचारावे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या खासगी पार्सलातील दुधाचे व मांसाचे पदार्थ निषिद्ध आहेत, तेव्हा तुपातले लाडू कितीही प्रेमाने वळलेले असले तरी वेशीवर प्रेमाची नोंद होत नाही.

तिसरी गोष्ट, पैसे भरण्यापूर्वी सेवा कोणती ते नीट पाहावे. ज्या साध्या पाकिटावर माग ठेवलाच जात नाही, त्याचा माग शोधून डोके पिकविण्यात अर्थ नाही. स्वस्त व महाग सेवांच्या दरातील फरक पुष्कळ अंशी या नोंदींचाच असतो.

चौथी गोष्ट, 'रवाना' ही ओळ स्थिर झाली की आपल्या टपाल खात्याच्या संकेतस्थळाबरोबरच पोहोचावयाच्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही तोच क्रमांक घालून पाहावा. क्रमांकाची घडण एक असल्यामुळे तो तेथेही चालतो, आणि त्या देशातील पावले तेथे अनेकदा आधी दिसतात. वेळा मात्र ज्या त्या देशाच्या असतात. लिस्बनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास असते, हे ध्यानात ठेवावे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाट पाहण्यालाही मर्यादा असते. रजिस्टर टपाल वा पार्सल यांविषयी चौकशीचा अर्ज ते टपालात दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करता येतो. त्याचा जो नमुना एका देशाचे खाते दुसऱ्याकडे पाठविते, त्याचे नाव 'सीएन ०८'. पाठविणारा किंवा घेणारा यांपैकी कोणीही विचारणा करू शकतो. असा अर्ज आला की, पार्सल शेवटी कोणाच्या हाती होते याचे उत्तर दोन्ही देशांच्या खात्यांना द्यावे लागते, आणि ते गहाळ ठरल्यास नियमाप्रमाणे भरपाई मिळते. म्हणून पावती व प्रतिज्ञापत्राची प्रत पार्सल पोहोचेपर्यंत जपून ठेवावी. कित्येकजण रोज दहा वेळा क्रमांक घालून पाहतात, चिडतात, खात्याला नावे ठेवतात, आणि अर्ज करावयाचे विसरतात. मग मुदत संपते.

आता शेवटचा विचार. आपल्या पणजोबांच्या काळी आगबोटीने पाठविलेल्या गाठोड्याची खबर महिनोन्‌महिने येत नसे. ती माणसे वाट पाहत, पण रोज झुरत नसत, कारण रोज कळण्याची सोयच नव्हती. आपल्याला अर्धे कळते. आणि उरलेल्या अर्ध्यात आपले मन वाईट तेवढे भरून काढते. त्यावर उपाय अज्ञान हा नव्हे. जे कळते त्याचा अर्थ किती व कोठवर, हे ओळखणे हाच उपाय होय. माईंना त्या सव्वीस दिवसांत आम्ही रोज 'ते अजून पोहोचले नाही' असे सांगत होतो. 'ते बंद पिशवीत आहे, पिशवी उघडली की कळेल' असे सांगण्याइतके ज्ञान आम्हांस असते, तर एका वृद्ध जिवाच्या रात्री थोड्या सुखाच्या गेल्या असत्या.

अलीकडे माईंनी दुसऱ्या पणतवंडासाठी दुपटे शिवले. या वेळी प्रतिज्ञापत्र भरताना त्या आमच्या शेजारी बसल्या होत्या. प्रत्येक वस्तूचे नाव त्यांनी कोंकणीत सांगितले, ते आम्ही इंग्रजीत लिहिले, आणि लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा मोठ्याने वाचून घेतले. वस्तू मोजून त्यांनी मान डोलावली, आणि मगच आम्हांस खोके टपालात नेऊ दिले.